मध्यस्थीला बसण्याआधी

न्यायालयाने तुमचा दावा मध्यस्थीकडे पाठवला, तारीख हातात पडली आणि घरात पहिला प्रश्न निघाला: ‘आता काय बोलायचं त्याच्याशी? बोलून मिटणारं असतं तर कोर्टात कशाला गेलो असतो?’ प्रश्न रास्त आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ खाली वाटणीचे, भाडेकरूंचे, भागीदारीचे, नवरा-बायकोचे कितीतरी वाद असे मध्यस्थीकडे जातात, आणि अनेक पक्षकार तिथे हजेरी लावल्यासारखे बसून उठतात. तुम्ही तसं करू नका, एवढं सांगण्यासाठी हा लेख. मेंदूचा आणि रागलोभाचा अभ्यास करणाऱ्यांनी गेल्या काही दशकांत जे शोधलं, त्यातलं थोडं माहीत असेल तर त्या खोलीतला तास-दोन तासांचा वेळ बराच सत्कारणी लागू शकतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट असू द्या. मध्यस्थ निकाल देत नाही. कोण खरं, कोण खोटं हे तो ठरवत नाही. तडजोड झाली नाही, तर तो न्यायालयाला ‘तडजोड झाली नाही’ एवढंच कळवतो. आत कोण काय बोललं, कोणी किती आकडा काढला, हे त्याने कळवायचं नसतं. सर्वोच्च न्यायालयाने हे बजावलेलं आहे, आणि संसदेने २०२३ साली केलेल्या मध्यस्थी कायद्यातही गुप्ततेला मोठं स्थान आहे. बोललेला शब्द उद्या आपल्यावरच उलटणार नाही याची खात्री असेल, तरच माणूस पोटातलं ओठावर आणतो. पुढचं सगळं त्या भरवशावर उभं आहे.

आता लंडनच्या एका प्रयोगाकडे वळू. भाऊबंदकीबद्दल इतकं नेमकं दुसरं काही माझ्या वाचनात आलेलं नाही. २००३ साली सुखविंदर शेरगिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. दोन माणसांना समोरासमोर बसवलं. एकाने दुसऱ्याच्या बोटावर एका पट्टीने दाब द्यायचा, मग दुसऱ्याने पहिल्याच्या बोटावर. दोघांनाही सूचना एकच होती: तुझ्या बोटावर जेवढा दाब आला, तेवढाच परत दे. जास्त नको, कमी नको. समोरच्याला काय सूचना दिली आहे, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. सुरुवातीचा दाब अगदी हलका होता. तरी दर फेरीला तो सरासरी सुमारे ३८ टक्क्यांनी वाढत गेला. गुणाकार करून पाहा, पाच फेऱ्यांत पाचपट होतो. आणि दोघंही मनापासून सांगत होते की आपण तेवढाच दिला, समोरच्यानेच वाढवला.

इथे खोटं कोणीच बोलत नव्हतं. स्वतःच्या हालचालीतून काय जाणवणार, याचा अंदाज मेंदू आधीच बांधतो आणि ती जाणीव बोथट करतो. स्वतःला गुदगुल्या होत नाहीत त्या याच कारणाने. त्यामुळे आपण दिलेला दाब आपल्याला कमी वाटतो आणि आपल्यावर आलेला पुरेपूर जाणवतो. तेच काम बोटाऐवजी एका दांड्याने यंत्र चालवून करायला दिलं, तेव्हा माणसांना बरोबर मोजता आलं.

बोटावरचा दाब आणि शेताच्या बांधावरचं भांडण एकच नव्हे, हे मान्य. प्रयोगशाळेतल्या काही मिनिटांवरून वीस वर्षांच्या वैराचा हिशेब मांडू नये. पण आपल्याकडच्या वादांची चढण पाहा. धाकट्याने नांगरताना वीतभर बांध कोरला. थोरल्याने विहिरीच्या पाण्याची पाळी चुकवली. मग वाट अडली, मग मोजणीचा अर्ज, मग लग्नाच्या पत्रिकेतून नाव गळलं, आणि एक दिवस पोलिसांत अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. कोणालाही विचारा, ‘मी फक्त उत्तर दिलं’ असंच दोघंही सांगतील. शपथेवर सांगतील. आणि दोघांनाही ते खरंच तसं वाटत असेल.

म्हणून तारखेच्या आधी एका कागदावर दोन रकाने करा. एकात त्याने मला काय काय केलं, दुसऱ्यात मी त्याला काय काय केलं. पहिला भराभर भरेल, दुसऱ्यात दोन ओळी होतील आणि त्यांच्यापुढे कारणंही लिहावीशी वाटतील. कारणं लिहू नका. आणि दुसरा रकाना जेवढा दिसतो त्याहून मोठा आहे, असं धरून चाला. हा कागद कोणाला दाखवायचा नाही, अगदी वकिलांनाही नाही. समोरचा जेव्हा तुमचं काहीतरी काढेल, तेव्हा ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखा धक्का बसू नये, इतकाच त्याचा उपयोग.

दुसरी गोष्ट सूडाची, आणि ती जरा अवघड आहे. ‘दोन लाख गेले तरी चालतील, पण त्याची जिरवतो’ असं म्हणणारा माणूस आपल्याला हट्टी किंवा अडाणी वाटतो. झुरिकमध्ये २००४ साली डॉमिनिक द केर्व्हां आणि सहकाऱ्यांनी पैशांचा एक खेळ मांडला. त्यात एकाने विश्वासाने दिलेले पैसे दुसरा स्वतःकडेच ठेवून घेऊ शकत असे, आणि फसवल्या गेलेल्याला त्याला दंड करता येत असे. काही वेळा त्या दंडासाठी स्वतःच्याही खिशातून खर्च करावा लागे. तरी लोकांनी दंड केला. त्या वेळी त्यांच्या मेंदूत सक्रिय झालेला भाग बक्षीस मिळण्याच्या अपेक्षेशी जोडला गेलेला होता. म्हणजे जिरवण्यात सुख असतं, आणि ते खरं असतं. ‘सोडून द्या हो, काय मिळतं त्यातून?’ असं म्हणणाऱ्या पाहुण्यांचं कोणी ऐकत नाही ते यामुळे. काहीतरी मिळत असतं. फक्त न्यायालयात त्याचा हप्ता दर तारखेला भरावा लागतो, आणि सुख निकालापर्यंत टिकेलच असं नाही.

त्याच सुमारास अमेरिकेत ॲलन सॅन्फी यांनी वाटणीचा खेळ घेऊन मेंदू पाहिला. खेळ जुना आहे: दहा डॉलर, एकाने वाटणी सुचवायची, दुसऱ्याने ‘हो’ म्हटलं तर दोघांनाही पैसे, ‘नाही’ म्हटलं तर कोणालाच काही नाही. हिशेबाने पाहिलं तर एक डॉलर मिळाला तरी घ्यावा, शून्यापेक्षा बरा. पण ‘मला नऊ, तुला एक’ अशी वाटणी पुढे आली की अनेक जण ती फेकून देत. अशा वेळी मेंदूतला इन्सुला हा भाग अधिक जागा होई. घाणेरडा वास, किळस, वेदना यांच्या वेळी जागा होणारा हाच तो भाग. मला त्यातला एक तपशील सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तीच अन्यायाची वाटणी संगणकाने सुचवली, की लोक जास्त वेळा मुकाट्याने घेत. पैसे तेवढेच. फरक इतकाच की समोर माणूस नव्हता, म्हणून अपमान नव्हता.

वाटणीच्या दाव्यात दोन गुंठ्यांवर गाडी अडते तेव्हा ते दोन गुंठे आहेत की ‘मला न विचारता नाव लावलं’ हे आहे, ते वेगळं काढा. हे वेगळं काढायला न्यायालयाच्या निकालात जागा नसते. निकाल हिस्सा देईल, ताबा देईल, खर्चही देईल, पण मान देणार नाही. मध्यस्थीत तो मागता येतो. ‘फेरफार करताना तुला सांगायला हवं होतं, सांगितलं नाही, चूक झाली’ हे थोरल्या भावाचं एक वाक्य कधीकधी रकमेचा तिढा सैल करतं. आणि ते वाक्य पुढे त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, म्हणून वकील लोकांनीही पक्षकाराला ते बोलू द्यावं, अशी माझी विनंती आहे. मात्र ‘तुला वाईट वाटलं असेल तर माफ कर’ असलं काही म्हणू नका. त्यात चूक तुमची न राहता ऐकणाऱ्याच्या वाटण्याची होते. त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.

आता शरीराचं. राग डोक्यात जातो असं आपण म्हणतो, पण आधी तो छातीत, हातात, घशात येतो. धोका दिसला की मेंदूच्या आत खोलवर असलेल्या बदामाच्या आकाराच्या अमिग्डलासह शरीराची सावधगिरीची यंत्रणा चालू होते, ॲड्रिनलिन सुटतं, नाडी धावते. येल विद्यापीठातल्या एमी आर्नस्टेन यांनी दाखवलं की अशा ताणात कपाळामागचा भाग दुबळा पडतो. पुढचा विचार करणं, तोंडावर आलेला शब्द गिळणं, दोन पर्याय शेजारी ठेवून तोलणं ही त्याची कामं. नेमकी तीच कामं तडजोडीला लागतात. म्हणजे ज्या क्षणी तुम्ही तावातावाने ‘मला मान्य नाही!’ म्हणता, त्या क्षणी मान्य-अमान्य ठरवण्याची तुमची कुवत सर्वांत कमी असते.

पती-पत्नींच्या भांडणांवर आयुष्य घालवलेले जॉन गॉटमन यांनी एकदा मजेशीर युक्ती केली. जोडपी वाद घालत असताना पंधरा मिनिटांनी त्यांना थांबवलं, यंत्र नीट करायचं आहे असं सांगितलं, आणि अर्धा तास नुसती मासिकं वाचायला दिली. वादाबद्दल बोलायचं नाही. पुन्हा बोलायला बसवलं तेव्हा हृदयाचे ठोके खाली आले होते आणि बोलणंही बरं होत होतं. समजूत घातली नव्हती, उपदेश नव्हता. नुसता वेळ आणि दुसरीकडे लक्ष.

म्हणून मध्यस्थाकडे थांबायची सुट्टी मागायला लाजू नका. ‘साहेब, पंधरा-वीस मिनिटं बाहेर जाऊन येतो’ म्हणणं हा कमीपणा नाही. बाहेर गेल्यावर मात्र कॉरिडॉरमध्ये मेहुण्याला गाठून ‘बघितलंस कसा बोलला?’ हे सुरू केलंत तर सुट्टी वाया गेली, कारण शरीर तेच भांडण पुन्हा भोगतं. चहा घ्या, चाला, मुलाच्या परीक्षेबद्दल बोला. सकाळी रिकाम्या पोटी निघालात, एसटीत उभं राहून आलात, दोन तास नाव पुकारण्याची वाट पाहिलीत, तर पहिली दहा मिनिटं कसलाही आकडा बोलू नका. मध्यस्थाला दोघांशी वेगवेगळं बसता येतं, ते मागा. ज्याचा चेहरा पाहताच आपलं डोकं फिरतं, त्याच्यासमोरच सगळं बोललं पाहिजे असा नियम नाही.

रागाला नाव देणं ही आणखी एक उपयोगाची गोष्ट. मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७ च्या अभ्यासात रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवून लोकांना त्या भावनेचं नाव सांगायला लावलं, तेव्हा अमिग्डलाची हालचाल कमी झाली आणि कपाळामागचा एक भाग अधिक कामाला लागला. ‘शांत व्हा, शांत व्हा’ याने कोणी शांत होत नाही, हे घरोघरी माहीत आहे. ‘आईच्या आजारपणात तुम्ही एकट्याने केलं आणि वाटणीत त्याचं कोणी नावही काढलं नाही, हे तुम्हाला लागलंय’ असं मध्यस्थ म्हणाला, तर खांदे खाली येतात. मध्यस्थ म्हणाला नाही तर स्वतः म्हणा. ‘तू चोर आहेस’ हा आरोप झाला, त्याला उत्तर येणारच. ‘मला विचारलं नाहीस, ते मला लागलं’ यावर उलटा आरोप करणं जड जातं.

स्मरणशक्तीबद्दल थोडक्यात. एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९७४ साली एका मोटार अपघाताची तीच फिल्म लोकांना दाखवली आणि प्रश्नातलं एक क्रियापद बदललं. गाड्या एकमेकींना ‘लागल्या’ तेव्हा वेग किती होता, असं विचारलं तर अंदाज कमी आला, ‘आदळल्या’ म्हटलं तर जास्त. आपल्या भांडणाची गोष्ट आपण नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, वकिलांना इतक्या वेळा सांगितलेली असते की तिचे कोपरे सांगता सांगता धारदार झालेले असतात. म्हणून ‘त्या दिवशी तू नेमकं काय म्हणालास’ यावर तास घालवू नका. सातबारा, फेरफाराची नोंद, मोजणीचा नकाशा, बँकेचं पासबुक, सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त, जे असेल ते बरोबर न्या. ज्याचा कागद नाही त्यावर ‘तुला तसं आठवतं, मला असं आठवतं’ इथे थांबायला शिका.

आणि प्रस्ताव समोरून आला म्हणून तो वाईट, हे मनातून काढा. ली रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं दिसलं होतं की तोच प्रस्ताव आपल्या बाजूने किंवा तटस्थ माणसाकडून आला तर बरा वाटतो, विरोधकाने मांडला की लगेच हलका वाटतो, काहीतरी डाव असणार असं वाटतं. कागदावर आकडा लिहा, नाव झाका, आणि मग विचार करा. हाच आकडा काल आपल्या वकिलांनी सुचवला असता तर?

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग सगळं भावनेवर सोडायचं का? नाही. पण भावना बाजूला ठेवून नुसत्या बुद्धीने ठरवू, हेही जमणारं नाही. अंतोनियो दामासिओ यांनी लिहिलेला एक रुग्ण होता. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेली, बुद्धी शाबूत, भावना मात्र बोथट. पुढच्या भेटीसाठी दोन तारखांपैकी एक निवडायची होती, तर तो अर्धा तास दोन्हींचे फायदे-तोटे मांडत बसला, आणि निवड काही होईना. काय महत्त्वाचं हे कळायला भावना लागतेच.

माझी खरी काळजी उलट बाजूची आहे. भावनेच्या नावाखाली दुबळ्यावर दडपण येतं ते. बहिणीला सांगतात, ‘माहेर हवं की हिस्सा?’ आणि हक्कसोडपत्रावर सही होते. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखाच जन्माने हक्क आहे, हे हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने आणि २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने स्पष्ट झालं आहे. तिने विचार करून, स्वखुशीने सोडला तर तिची मर्जी. पण रडून, घाबरून, एका बैठकीत सोडला तर ती तडजोड नव्हे. ताणात पुढचा विचार दुबळा पडतो हे शास्त्र तिलाही लागू आहे, म्हणून अशा वेळी मध्यस्थानेच थांबवून पुढची तारीख द्यावी. घरात मारहाण होत असेल तर समोरासमोर बसायला ठाम नकार द्या. तिथे आधी संरक्षण, बाकीचं नंतर. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण अशा बायकांना ऐकवणाऱ्यांनी ती स्वतःसाठी राखून ठेवावी.

आणखी एक सावधगिरी. मेंदूचं रंगीत चित्र दाखवून कोणी तुम्हाला ‘तुमचा अमिग्डला असा, म्हणून तुम्ही असे’ सांगू लागला तर ऐकून सोडून द्या. मेंदूचा एक भाग म्हणजे एक भावना, असं सरळ गणित नाही. तोच भाग भीतीत जागा होतो आणि आनंदाच्या गोष्टीनेही होतो. वर सांगितलेले प्रयोग माणसांच्या गटांवर झाले आहेत. तुमचा भाऊ मनात काय धरून बसला आहे, ते त्यातून कळणार नाही. ते त्यालाच विचारावं लागेल.

तडजोड जमत आली की घाई होते. सगळे दमलेले असतात, कधी एकदा सही करून निघतो असं होतं. तिथेच थांबा. अटी मराठीत मोठ्याने वाचून घ्या. कोणी, काय, किती तारखेपर्यंत, आणि नाही केलं तर काय, एवढं प्रत्येक अटीत आहे का पाहा. ‘दोघांनी गुण्यागोविंदाने राहावं’ असली अट लिहू नका, ती पाळली की मोडली हे कोणालाच सांगता येत नाही. ‘विहिरीचं पाणी सोमवार ते बुधवार थोरल्याकडे’ हे सांगता येतं. शेतजमिनीच्या ताब्याची अदलाबदल झालेली असेल, म्हणजे एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि त्याची याच्या, किमान बारा वर्षांपासून, तर राज्य सरकारची सलोखा योजना विचारात घ्या. २०२३ मध्ये आलेल्या या योजनेत अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क १००० रुपये आणि नोंदणी फी १००० रुपये ठेवली आहे. मुदत आणि अटी तलाठ्याकडून ताज्या करून घ्या. वाद लोकअदालतीत मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते, पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही, हेही सहीच्या आधी वकिलांकडून समजून घ्या. आणि मनात जराही धाकधूक असेल तर मध्यस्थाला सांगा, ‘मसुदा घरी नेतो, पुढच्या तारखेला सही करतो.’ मसुदा घरी नेऊन रात्री नको, सकाळी वाचा.